वाळीत टाकलेले घर

एखाद्या गावात एखादे घर असे असते की, त्याच्या भिंतीला कोणी धक्का लावलेला नसतो, त्याच्या दारावर कोणी दगड मारलेला नसतो, घरातील माणसांच्या अंगावर कोणी हात टाकलेला नसतो. तरीही त्या घराची रया गेलेली असते. न्हावी येत नाही. गिरणीवाला दळण घेत नाही. वाणी माल संपल्याचे सांगतो. शेतावर बोलाविलेले मजूर फिरकत नाहीत. लग्नाची अक्षत दारावरून पुढे जाते. आणि घरात मृत्यू घडला, तर तिरडीला खांदा द्यावयास चार माणसे मिळत नाहीत. विचारले असता गावातील प्रत्येकजण सांगतो की, त्याने काहीच केलेले नाही. एका अर्थाने ते खरेही असते. काहीही न करणे हेच ह्या अपराधाचे शस्त्र होय.

ह्यालाच आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. जुन्या कागदपत्रांत ह्याला ग्रामण्य हा शब्द आहे. गुजरातेत न्यातबहार करणे म्हणतात. चोरी, मारामारी, दंगा हे समाजविघातक वर्तन म्हणून सर्वांस ठाऊक असते, कारण त्यात काही मोडते, काही फुटते, कोणी रक्तबंबाळ होते. बहिष्कारात काही फुटल्याचा आवाज होत नाही. म्हणूनच कायद्याच्या नजरेस तो फार उशिरा पडला, आणि पडल्यावरही त्याला धरणे कायद्यास वारंवार अवघड गेले. ही धडपड कशी झाली, हे पाहावयाचे असेल, तर सुरतेजवळ तापीकाठी असलेल्या कामरेजच्या इतिहासाइतका बोलका इतिहास क्वचितच आढळेल. कारण ह्या एकाच भूमीवरून गेल्या शंभर वर्षांत अनेक राज्ये आणि अनेक कायदे येऊन गेले.

आज कामरेज हा सुरत जिल्ह्यातील एक तालुका आहे. १९४९ पर्यंत तो बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यातील नवसारी प्रांताचा तालुका होता. गायकवाडी मुलूख सलग नव्हता. तो इंग्रजी मुलखात विखुरलेला होता. शेजारचे बारडोली आणि चोऱ्यासी हे तालुके इंग्रजांचे. त्यामुळे येथे शेताच्या एका बांधाच्या अलीकडे महाराजांचा कायदा, तर पलीकडे मुंबई सरकारचा कायदा, अशी स्थिती असे. जाती त्याच, रीतिरिवाज तेच, सोयरिकीही बांध ओलांडून होत. बदले तो केवळ राज्यकर्ता.

बांधापलीकडील इंग्रजी कायद्याची ह्या प्रश्नाविषयीची वृत्ती सावध होती. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने असे ठरविले की, दिवाणी न्यायालयांनी जातीच्या प्रश्नांत हात घालू नये. पुढे १८५० साली एकविसावा कायदा झाला. एखाद्याने धर्म सोडला किंवा त्यास जातीतून काढले, तरी त्याचा मालमत्तेवरील आणि वारशावरील हक्क जाणार नाही, एवढे संरक्षण त्याने दिले. ते लहान नव्हते. परंतु माणूस केवळ मालमत्तेवर जगत नाही. वारशाने मिळालेले घर कायद्याने राखले. त्या घरात पाण्याची कळशी कोण आणू देईल, मुलीला स्थळ कोण देईल, ह्याविषयी कायदा गप्प राहिला.

ह्या मौनाचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने धोंडो केशव कर्वे ह्यांच्या बाबतीत पाहिले. १८९३ च्या मार्च महिन्यात कर्व्यांनी पुण्यात विधवेशी विवाह केला. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. तरीही कोकणात त्यांच्या मुरूड गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांसह एका बैठकीवर कोणी बसू नये, आणि ते गावी आले असता घरच्यांनी त्यांना थारा दिला, तर घरच्यांनाही वाळीत टाकावे, असा तो ठराव होता. शिक्षा एकाला आणि धाक सर्व कुटुंबाला, ही बहिष्काराची जुनी रीत आहे. ज्यास दुखवावयाचे त्याला तो थेट स्पर्श करीत नाही. त्याच्या आईकडे, भावाकडे पाहतो. १९५८ साली ह्याच कर्व्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. परंतु प्रत्येक बहिष्कृताला शंभर वर्षांचे आयुष्य आणि कर्व्यांची चिकाटी लाभत नाही, हे विसरून चालणार नाही.

बांधाच्या अलीकडे, म्हणजे कामरेजसह बडोदे राज्यात, चित्र निराळे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले सयाजीराव गायकवाड १८८१ साली कारभार पाहू लागले. मराठी मातृभाषेच्या ह्या राजाने गुजराती प्रजेसाठी जे सामाजिक कायदे केले, त्यांची बरोबरी त्या काळी इंग्रज सरकारनेही केली नव्हती. अस्पृश्यांच्या मुलांसाठी त्यांनी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. त्या शाळांना सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षकांकडून काम चालविले. १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू झाले. १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा आला. आणि १९३३ साली प्रस्तुत विषयाशी थेट संबंध असलेला, जातीच्या जुलमाचे निवारण करणारा स्वतंत्र कायदा महाराजांनी केला. जातीच्या पंचांनी एखाद्या व्यक्तीचा छळ करणे ही जातीची खाजगी बाब नसून राज्याने दखल घ्यावी असा तो गुन्हा आहे, हे तत्त्व अशा रीतीने कामरेजच्या भूमीवर स्वातंत्र्यापूर्वीच मान्य झाले होते.

मात्र राजाची इच्छा आणि प्रजेचे आचरण ह्यांत किती अंतर असू शकते, ह्याचा दाखलाही बडोद्यानेच दिला आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली राज्याच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. राजधानीत त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. काही दिवसांनी ही गोष्ट उघड झाली, आणि हातांत काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव त्यांना बाहेर काढण्यासाठी दारात उभा राहिला. ते एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला की, आंबेडकर घरी आले तर नोकर निघून जातील. ते एका ख्रिस्ती मित्राकडे गेले; त्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून आंबेडकरांनी बडोदे सोडले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

ह्या हकीकतीत काठ्या घेतलेल्या जमावापेक्षा त्या दोन मित्रांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. दोघेही सुशिक्षित होते. दोघांच्याही मनात वैर नव्हते. प्रत्येकापाशी एक सभ्य कारण होते. एकाचे नोकरांचे, दुसऱ्याचे पत्नीचे. परंतु जमावाच्या काठ्यांनी जे केले असते, ते त्या दोन सभ्य कारणांनीही केले. बहिष्कार असाच घडतो. त्यात एक खलनायक शोधू गेल्यास तो सापडत नाही. शंभर माणसे आपल्या अडचणीचा एकेक धागा आणतात, आणि त्यांचा दोर एकाच माणसाच्या गळ्याभोवती आवळला जातो.

आंबेडकर पुढे ह्या प्रश्नाकडे कायदेपंडिताच्या दृष्टीने वळले. अस्पृश्य माणूस आपला हक्क बजावू लागला की, त्याच्याविरुद्ध मारहाणीपेक्षाही परिणामकारक असे जे हत्यार उगारले जाते, ते सामाजिक बहिष्काराचे, असे त्यांचे मत झाले. कारण उघड होते. गावातील जमीन, दुकान आणि मजुरी ज्यांच्या हाती, त्यांना हात उचलावाच लागत नाही. त्यांनी हात आखडता घेतला की पुरे. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी जे संरक्षणाचे कलम सुचविले, त्यात बहिष्काराची सविस्तर व्याख्या होती. घर किंवा जमीन भाड्याने देण्यास नकार, कामावर घेण्यास नकार, व्यवहार करण्यास नकार, नेहमीचे संबंध तोडणे, हे सर्व त्यांनी गुन्ह्याच्या कक्षेत आणले. त्यासाठी ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा त्यांनी आधार घेतला.

ही केवळ कागदावरची भीती नव्हती. १९३५ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी अस्पृश्यांची मुले सरकारी शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार पुकारला. मजुरी बंद झाली. गुरांना चरावयास जागा उरली नाही. त्यांच्या पाण्याच्या विहिरीत रॉकेल ओतले गेले. गांधीजींनी त्या कुटुंबांना गाव सोडून जाण्याचा सल्ला दिला. आंबेडकरांना तो पटला नाही. अपराध करणाऱ्यांनी गावात राहावे आणि ज्यांचा अपराध झाला त्यांनी गाव सोडावे, हा न्याय कसला, अपराध्यांवर खटला का भरू नये, हा त्यांचा रोख होता. मुले जेथे बसू पाहत होती, ती शाळा सरकारची होती. तेथे बसण्याचा हक्कही सरकारनेच मान्य केलेला होता. कमी होती ती हक्क बजावणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्या बळाची.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले, आणि कामरेज सुरत जिल्ह्यात आले. बांध पुसला गेला. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळाने बहिष्कृतीस प्रतिबंध करणारा कायदा केला. कोणत्याही समाजाने आपल्या सभासदास वाळीत टाकल्यास ते अवैध ठरेल, आणि तसे करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होईल, अशी त्यात तरतूद होती. सयाजीरावांनी जे एका संस्थानात आरंभिले, ते आता मराठी आणि गुजराती अशा दोन्ही प्रदेशांचा कायदा झाले.

परंतु तो फार काळ टिकला नाही. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनी ह्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ९ जानेवारी १९६२ रोजी बहुमताने निर्णय झाला. पंथाची श्रद्धा आणि शिस्त राखण्यासाठी एखाद्यास पंथाबाहेर काढणे हा धर्माचा अंतर्गत प्रश्न आहे, आणि संविधानाने प्रत्येक पंथास दिलेल्या स्वातंत्र्यात तो येतो, असे बहुसंख्य न्यायमूर्तींनी म्हटले. सारा कायदाच रद्द ठरला. सरन्यायाधीश सिन्हा ह्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. बहिष्कृत माणसाला समाजात अस्पृश्यासारखे जगावे लागते. ते टाळणे हे समाजसुधारणेचे कार्य असून राज्यास ते करता येते, असा त्यांचा विचार होता. ह्या दोन मतांतील वाद अद्याप मिटलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला.

येथे एक भेद ध्यानात घेणे जरूर आहे. एखाद्या पंथाने आपल्या प्रार्थनेत कोणास सामील करावे, हा श्रद्धेचा प्रश्न म्हणता येईल. परंतु दुकानदाराने मीठ विकू नये, डॉक्टराने नाडी पाहू नये, बहिणीने भावाला राखी बांधू नये, असे जेव्हा ठरविले जाते, तेव्हा श्रद्धेची सीमा ओलांडून सत्तेचा प्रांत सुरू झालेला असतो. राज्याने ज्या सीमेवर उभे राहावयाचे, ती हीच सीमा होय.

१९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि कामरेज गुजरातेत राहिले. त्यानंतरची वाट दोन्ही राज्यांची वेगळी आहे. सर्व देशाला लागू असलेला १९५५ चा नागरी हक्क संरक्षणाचा कायदा अस्पृश्यतेच्या पोटी केलेल्या बहिष्कारास शिक्षा सांगतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सुधारणा होऊन, जानेवारी २०१६ पासून अनुसूचित जातींच्या वा जमातींच्या माणसावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे हा स्पष्ट गुन्हा झाला. कामरेजच्या परिसरातील हळपतींच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या घरी राबणारा हाळी ह्याच समाजातून येत असे. ती प्रथा गेली. परंतु ज्याची रोजची भाकरी एकाच मालकाच्या शब्दावर अवलंबून असते, त्याला 'उद्यापासून येऊ नकोस' हे तीन शब्दही बहिष्काराइतकेच जड असतात.

जातीनेच आपल्या माणसास वाळीत टाकले, तर काय करावे, हा प्रश्न मात्र ह्या कायद्यांनी सुटत नव्हता. महाराष्ट्रात तो २०१३ साली नाशिक येथे रक्ताने लिहिला गेला. जातीबाहेर विवाह केलेल्या एका गरोदर मुलीचा तिच्याच पित्याने जीव घेतला, आणि त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचे पुढे आले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तेव्हापासून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. मोहीम थांबली नाही. रायगडसारख्या जिल्ह्यांतून वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी पुढे येऊ लागल्या. अखेर २०१६ च्या एप्रिलमध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर २०१७ च्या जुलैत तो अमलात आला.

ह्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. लग्न, अंत्यविधी, शाळा, दवाखाना, स्मशान, दुकान, सभागृह, ह्यांपैकी कशापासूनही जातीच्या वा गावाच्या आदेशाने एखाद्यास दूर ठेवणे हा गुन्हा होय. बहिष्काराच्या ठरावासाठी सभा भरविण्यासही त्यात बंदी आहे. दंडाची रक्कम पीडितास भरपाई म्हणून देता येते. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. २०१८ साली पिंपरीत कौमार्यचाचणीच्या प्रथेस विरोध करणाऱ्या एका तरुणीला दांडिया खेळण्यापासून अडविण्यात आले, तेव्हा ह्याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पूर्वी अशा प्रसंगास कोणी प्रसंगही म्हटले नसते. महाराष्ट्राचा हा कायदा गुजरातेत लागू नाही. ज्या कामरेजला गायकवाडी अमलात जातीच्या जुलमापासून संरक्षण मिळाले होते, त्या कामरेजला शेजारच्या राज्याकडून पुन्हा घेण्यासारखे हे काही आहे.

तरीही कायदा पुस्तकात असणे आणि तो वाळीत पडलेल्या घरापर्यंत पोहोचणे ह्यांत एक मोठा अडसर आहे. तो म्हणजे साक्षीदार. मारहाणीला जखम साक्ष देते. चोरीला मुद्देमाल साक्ष देतो. बहिष्काराला साक्ष द्यावयाची ती शेजाऱ्याने, आणि शेजारी तर स्वतःच त्या बहिष्कारात सामील, नाहीतर त्याच्या भीतीने गप्प. ठराव कागदावर लिहिलेला नसतो; तोंडी असतो. पंच म्हणतात, सभा देवळाच्या रंगरंगोटीसाठी होती. अशा वेळी पोलीस तक्रार नोंदवितात, आणि पुराव्याअभावी प्रकरण थंड पडते.

ह्यावर उपाय असतील तर ते असे. तक्रार घरातील एकाच माणसाने सोसून सोसून उशिरा करण्यापेक्षा पहिल्या नकारापासून दिवस, वेळ आणि नकार देणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. जो ठराव फोनवरील निरोपातून फिरतो, तो निरोप जपून ठेवावा. आजकाल पंचांचे हस्ताक्षर तेथेच सापडते. ग्रामपंचायतीने पाणी, स्मशान आणि समाजमंदिर ही सर्वांची आहेत, हा ठराव ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. शिक्षकाने वाळीत टाकलेल्या घरातील मूल शेवटच्या बाकावर एकटे बसले आहे का, हे पाहावे. कारण मोठ्यांचा बहिष्कार सर्वांत आधी शाळेच्या वर्गात दिसतो. आणि स्थानिक पुढाऱ्यांनी मतांचा हिशेब बाजूस ठेवून त्या घरी एकदा चहा घ्यावा. गाव ठरावांपेक्षा अशा गोष्टी अधिक बारकाईने पाहते.

शहरांत हा प्रश्न सुटला आहे, असेही समजू नये. कामरेजच्या चौकातून आज मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, आणि सुरतेचे यंत्रमाग, हिऱ्यांचे कारखाने हजारो परप्रांतीयांना बोलावतात. उधना-लिंबायतमध्ये खानदेशी मराठी कुटुंबांच्या वस्त्याच उभ्या राहिल्या. दर हंगामात खानदेशातून आणि डांगातून ऊसतोडणीचे मजूर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी येतात, आणि शेताच्या कडेला पालांत राहतात. ह्या सर्वांना कोणी ठराव करून वाळीत टाकीत नाही. आडनाव विचारून 'खोली रिकामी नाही' असे सांगितले जाते, इतकेच. आंबेडकरांना १९१७ साली मिळालेले उत्तर आज केवळ अधिक गोड आवाजात दिले जाते.

म्हणून शेवटचा भार कायद्यावर टाकून समाजास मोकळे होता येणार नाही. बहिष्काराचे सारे बळ एकमतात आहे. शंभर घरांचा गाव एका घराला तोडतो, तो नव्याण्णव घरे गप्प राहतात म्हणून. त्यांतील एक घर बोलू लागले की, ते एकमत मोडते. दुसऱ्या घराला मग धीर येतो. त्यासाठी भाषण लागत नाही, चळवळ लागत नाही. शेजारच्या बाईने सकाळी दार उघडून, नेहमीच्या आवाजात, वाळीत टाकलेल्या घरातील बाईला हाक मारावी आणि विरजणासाठी वाटीभर दही मागावे. ती वाटी भर दिवसा, सर्वांदेखत, अंगण ओलांडून जाते, तेव्हा त्या गावातील बहिष्कार उठण्यास आरंभ होतो.